बे-विंडो कॅम्परची उंची कमी करताना चाकाची उठबस कशी राखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे १९७३ची फोक्सवॅगन टाइप २, म्हणजे पुढे एकच मोठी वळणदार काच असलेली बे-विंडो कॅम्पर व्हॅन आहे आणि ती आपण घरच्या मंडळींसह कोल्हापूरहून कोकणात व अधूनमधून पुण्यापर्यंत नेता. गाडी पुढून उंच आणि मागून किंचित बसलेली दिसते, म्हणून ती चारही बाजूंनी साडेतीन इंच खाली घ्यावी असे आपल्या मनात आहे. उद्यमनगरातील एका गॅरेजने पुढच्या नळ्यांमधील, स्प्रिंगचे काम करणाऱ्या काही पोलादी पाट्या (पट्ट्या) काढून हे काम एका दिवसात करून देतो असे सांगितले आहे, दुसऱ्याने नळी कापून उंची कमी-जास्त करणारा ॲडजस्टर वेल्ड करण्याचा सल्ला दिला आहे, आणि यांपैकी काय निवडावे की थेट एअर सस्पेन्शनच, म्हणजे हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी रचना, बसवावे, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी देतो, कारणे नंतर. पुढे ड्रॉप स्पिंडल (चाकाचा दांडा वर सरकवलेला भाग), मागे मूळचेच टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) दाते बदलून बसवलेले, आणि उतरण मूळ उंचीपासून ६० ते ६५ मिलिमीटरपर्यंतच, ही आपल्या वापराला योग्य जोडी आहे. साडेतीन इंच म्हणजे जवळजवळ ९० मिलिमीटर, आणि सामानासह घाट उतरणाऱ्या गाडीसाठी मी तितके खाली जाणार नाही. पाट्या काढण्याचे काम तर कोणीही फुकट करून दिले तरी करून घेऊ नये. या निवडीमागे एकच कसोटी आहे. गाडी उभी असताना किती खाली दिसते याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. खाली आल्यानंतर चाकाला खड्ड्यात उतरायला आणि उंचवट्यावर वर उठायला किती जागा शिल्लक राहते, हे आधी पाहायचे. या जागेला मी कामाच्या भाषेत चाकाची उठबस म्हणतो. उंची कमी करण्याच्या काही पद्धती ही उठबस खाऊन गाडी खाली आणतात आणि काही तिला हातही लावत नाहीत. पद्धती-पद्धतींतला खरा फरक हाच आहे.

हे समजण्यासाठी पुढची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाही आणि ट्रकसारखा उघडा पाटाही नाही. आडव्या, एकावर एक अशा दोन नळ्यांची एक बीम असते. प्रत्येक नळीत पोलादी पट्ट्यांची एक जुडी असून ती मधोमध स्क्रूने जखडलेली असते, आणि तिच्या दोन टोकांना मागच्या दिशेने गेलेले हात, म्हणजे ट्रेलिंग आर्म, बसवलेले असतात. चाक वर उठले की हात फिरतो, हात फिरला की पट्ट्यांना पीळ पडतो, आणि हा पीळच स्प्रिंगचे काम करतो. वरचा आणि खालचा हात समांतर व समान लांबीचे असल्यामुळे चाक वर-खाली होताना त्याचा झुकाव बदलत नाही. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही ती नीट काम करते याचे श्रेय तिच्या साधेपणाला आहे.

आता या जुडीतील काही पट्ट्या काढल्या, तर गाडी खाली येते हे खरे, परंतु ती स्प्रिंग मऊ झाल्यामुळे येते. उरलेल्या पट्ट्यांवर तेच वजन येऊन त्यांच्यातील ताण वाढतो, हात वरच्या रबरी ठोकळ्याच्या, म्हणजे बंप स्टॉपच्या, जवळ जाऊन थांबतो, आणि आता प्रत्येक खड्ड्यात त्याला अधिक अंतर हलायचे असते पण हलायला जागा मात्र कमी उरलेली असते. म्हणजे गरज वाढली आणि सोय घटली. ब्रेक दाबला की नाक खाली जाते, आणि आंबा घाटाच्या उतारावर, गाडीत पाच माणसे व सामान असताना, ते ठोकळ्यावर टेकूनच राहते. एकदा हात ठोकळ्यावर टेकला की सस्पेन्शन संपते. पुढचा धक्का बीम, हातांना चाकाशी जोडणारे बॉल जॉइंट आणि चॅसी यांना थेट सोसावा लागतो. ज्या गॅरेजने आपल्याला हे सुचवले त्यांचा हेतू वाईट नसेल. पाट्यांच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मिस्त्रीला हा उपाय स्वाभाविक वाटतो, परंतु या बीमला तो लागू पडत नाही.

ॲडजस्टरची पद्धत याहून पुष्कळ बरी आहे आणि तिला मी सरसकट नाकारणार नाही. यात नळीचा मधला भाग कापून तेथे फिरवता येणारा तुकडा वेल्ड करतात. त्यामुळे जुडीचा मध्य फिरवून दोन्ही हात हवे तितके वर किंवा खाली घेता येतात. स्प्रिंगची ताकद मूळचीच राहते आणि उंची पुन्हा वाढवता येते, हे तिचे दोन मोठे गुण. पण हात जितका वर फिरवाल तितकी वरची उठबस कमी होते, हे येथेही टळत नाही. शिवाय मूळचा शॉकअप आता नेहमीच अर्धवट दबलेला राहतो. तो ठोकळ्याच्या आधीच पूर्ण बंद झाला, तर गाडीचे वजन शॉकअपच्या बोल्टवर आदळते, म्हणून ॲडजस्टरबरोबर आखूड शॉकअप घ्यावेच लागतात. बॉल जॉइंटही त्यांच्या नेहमीच्या कोनापासून दूर, टोकाच्या बाजूला काम करू लागतात आणि लवकर झिजतात.

याखेरीज या पद्धतीत एक धोका असा आहे की तो काम झाल्यावर दिसत नाही. मी तो स्वतःच्या कामात पाहिला आहे, म्हणून सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीची बीम जिगशिवाय, म्हणजे भाग सरळ धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय, नुसती सपाट टेबलावर शिकंजात धरून वेल्ड केली. वेल्डिंग सुबक आले, गाडी छान खाली बसली आणि मालक समाधानाने घेऊन गेले. एका पावसाळ्यानंतर पुढून करकर येते म्हणून गाडी परत आली. डावीकडचा हात सोडवला तेव्हा तो सहज निघेना, ओढून काढावा लागला. नळीच्या तोंडातून आलेले ग्रीस जांभ्याच्या मातीसारखे तांबूस होते, आणि हाताच्या ज्या भागावर नीडल बेअरिंग बसते तेथे बारीक सुया ओळीने टोचल्यासारखे चरे पडले होते, तेही फक्त एका बाजूला. नळीत पोलादी सरळ दांडा सरकवून पाहिल्यावर कळले की वेल्डच्या आकुंचनाने नळी मधोमध केसभर वाकली होती. ती चूक माझीच होती आणि ती बीम मी माझ्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून मी असे काम दोन्ही टोकांना घट्ट बसणारा दांडा आत ठेवून, समोरासमोरच्या बाजूंनी थोडे थोडे वेल्ड करत आणि मध्ये थंड होऊ देत करतो. आपण ॲडजस्टरच निवडलात, तर वेल्डर कोण आहे यापेक्षा त्याच्याकडे जिग आहे का, हे आधी विचारा.

ड्रॉप स्पिंडलची कल्पना वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक शहाणी आहे. चाक ज्यावर फिरते तो दांडा, ज्याला आपल्याकडे स्टब ॲक्सल म्हणतात, तो एका घडीव भागाचा हिस्सा असतो आणि हा भाग वरच्या व खालच्या बॉल जॉइंटमध्ये पकडलेला असतो. ड्रॉप स्पिंडलमध्ये बॉल जॉइंटच्या जागा तशाच ठेवून फक्त हा दांडा वर सरकवलेला असतो, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जोड्यांमध्ये साधारण अडीच इंच, म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर. चाक जमिनीवरच राहणार, म्हणून गाडी तितकीच खाली येते. बीम, पट्ट्या, हात, शॉकअप, बंप स्टॉप, बॉल जॉइंटचे कोन यांपैकी काहीही बदलत नाही. उठबस पूर्वीइतकीच राहते, आणि चालवताना गाडी कोणी खाली घेतली आहे हे हातांना जाणवतही नाही. उद्या मूळ उंची हवी झाली तर जुने स्पिंडल परत बसवता येतात, एकही भाग कापलेला नसतो.

ही पद्धत दोषरहित आहे असे मात्र समजू नये. पहिली गोष्ट म्हणजे उंची ठरलेली असते, इकडे-तिकडे करण्याची सोय नसते. दुसरी अशी की अनेक जोड्यांमुळे चाके दोन्हीकडे थोडी बाहेर येतात, त्यामुळे पूर्ण वळण घेऊन चाक वर उठले असता टायर मडगार्डच्या कडेला घासतो का, हे जॅक लावून पाहावे लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. १९७१ मॉडेलपासून, म्हणजे ऑगस्ट १९७० पासून, या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आले. त्याआधीच्या बे-विंडोला ड्रम होते आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळही २०५ मिलिमीटरचे होते, ते नंतर ११२ झाले. आपली गाडी १९७३ची असल्याने डिस्कचेच स्पिंडल हवेत, आणि मागवण्यापूर्वी कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या भागाच्या, बोल्टांमधील अंतर स्वतः मोजून कळवावे. पन्नास वर्षांत कोणी काय बदलले आहे हे आरसी बुक पाहून कळत नाही. बसवल्यावर आणखी एक तपासणी करावी. खालचा बॉल जॉइंट आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे टोक आता चाकाच्या मध्याच्या तुलनेत खाली गेलेले असते. ते रिमला आतून लागत नाही ना, आणि टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तर रिमच्या कडेच्या खाली असा कोणताही भाग येत नाही ना, हे दोरी धरून पाहावे. ज्या गाडीत तो येतो ती पंक्चर झाल्यावर रस्त्यावर घासते आणि वळत नाही.

कोल्हापूरकर म्हणून येथे एक आग्रहाची विनंती करतो. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनापासून काहीही घडवून मिळते आणि त्याचा मला अभिमान आहे, परंतु जुना स्टब ॲक्सल कापून, वर सरकवून, वेल्ड करून ड्रॉप स्पिंडल बनवून घेण्याचा मोह टाळावा. तो भाग तुटला तर चाक निखळते, आणि त्याला दुसरा आधार नाही. विकत घेतलेली जोडी घडीव म्हणजे फोर्ज केलेली असावी, आणि बसवण्यापूर्वी तिची चुंबकीय कणांची तडा-तपासणी करून घ्यावी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमुळे अशी तपासणी आपल्या शहरात होऊ शकते, ही सोय पुष्कळ शहरांत नाही. दांड्याचे मूळ जेथे जाड भागाला मिळते ती गोलाई गुळगुळीत आहे ना, तेथे टूलचा ओरखडा नाही ना, हे नखाने आणि भिंगाने पाहावे. तडा जातो तो तेथूनच.

मागच्या बाजूकडे वळू. येथे पट्ट्यांऐवजी दोन गोल टॉर्शन बार आहेत. त्यांची आतली टोके गाडीच्या मध्यावर आडव्या नळीत आणि बाहेरची टोके स्प्रिंग प्लेट नावाच्या लांब पट्टीत बसतात. दोन्ही टोकांना दाते असतात आणि त्यांची संख्या मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते. ही फार सुंदर युक्ती आहे. समजा एका टोकाला ४० आणि दुसऱ्याला ४४ दाते असतील, तर पहिल्या टोकाचा एक दात म्हणजे ९ अंश आणि दुसऱ्याचा ८.१८ अंश. बार आत एक दात एका दिशेने आणि प्लेट बाहेर एक दात उलट दिशेने फिरवली, तर निव्वळ फरक पडतो ०.८२ अंशाचा. प्लेटची लांबी ४०० मिलिमीटर धरली, तर चाकाजवळ हा फरक सुमारे ६ मिलिमीटरचा होतो, आणि फक्त बाहेरचा एक दात बदलला तर तो सुमारे ५७ मिलिमीटरचा होतो. आपल्या बारचे दाते आणि प्लेटची लांबी प्रत्यक्ष मोजून हेच गणित मांडावे. अंदाजाने दात बदलून, गाडी उतरवून, पुन्हा उचलण्यात तीन-तीन दिवस घालवणारे मी पाहिले आहेत.

काम करताना प्लेटचा मूळ कोन, ओझे नसताना, डिजिटल अँगल मीटरने दोन्ही बाजूंना नोंदवून ठेवावा आणि बार व प्लेट यांच्यावर खूण करावी. प्लेटची खालची कड एका ओठावर टेकलेली असते आणि त्या अवस्थेतही बारमध्ये बराच पीळ शिल्लक असतो. ती पहारीने ओठावरून सुटली की खाली झेपावते. त्या क्षणी खाली हात किंवा पाय असेल तर हाड मोडेल. मी प्लेटखाली ट्रॉली जॅक लावतो, प्लेट व चॅसी साखळीने सैल बांधतो, आणि मगच ती ओठावरून सरकवून जॅक हळूहळू उतरवतो. जोडणीही याच क्रमाने उलट. बाहेरचे रबरी बुश या वेळी नवेच घालावेत. आपली गाडी मागून बसलेली दिसते याचे कारणही बहुधा दमलेले बुश किंवा वर्षानुवर्षांचे ओझे हेच असेल. म्हणून मागची बाजू आणखी खाली घेण्याआधी नव्या बुशांसह ती मूळ कोनावर आणावी आणि तेथून मोजायला सुरुवात करावी. कदाचित मागे ४० मिलिमीटरच पुरे होतील.

मागे दाते बदलून उतरवल्याने उठबस कमी होतेच, हे मान्य करावे लागते. म्हणूनच मी एकूण उतरण ६५ मिलिमीटरच्या आत ठेवतो. बे-विंडोला मागे तिरके हात आणि दोन्हीकडे सीव्ही जॉइंट, म्हणजे कोन बदलला तरी फिरत राहणारे सांधे, असलेले ॲक्सल आहेत. गाडी खाली आली की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात, टो, म्हणजे चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलतो, आणि टायरची आतली कड गुपचूप झिजते. प्लेटच्या बोल्टांची भोके लांबट असतात, त्यांतून टो पुन्हा जुळवता येतो. सीव्ही जॉइंटचे रबरी बूट हाताने ॲक्सल फिरवत पाहावेत, घडी एकमेकींना घासता कामा नये.

पुढची आणि मागची उतरण साधारण सारखी का हवी, याचा संबंध केवळ दिसण्याशी नाही. या गाडीचा कॅस्टर, म्हणजे वळण झाल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ करणारा कोन, सुमारे ३ अंश असतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २४०० मिलिमीटर आहे. फक्त पुढून ७५ मिलिमीटर उतरवले तर संपूर्ण गाडी सुमारे १.८ अंश पुढे कलते आणि कॅस्टरमधून नेमके तितकेच वजा होतात. उरलेल्या सव्वा अंशावर ही उंच, सपाट बाजूंची गाडी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रक शेजारून जाताच भरकटल्यासारखी वाटते आणि चालक सतत स्टिअरिंग सावरत राहतो. पुष्कळांना ती स्टिअरिंग बॉक्सची झीज वाटते आणि ते बॉक्स घट्ट करत बसतात. मागूनही समप्रमाणात उतरवले की कॅस्टर मूळ जागी येतो.

आता आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिलिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. गाडीचा मध्य त्याच्या माथ्यावर असताना पुढची-मागची चाके माथ्यापासून १.२ मीटरवर, उतारावरच असतात, आणि तेथे त्याची उंची सुमारे ५८ मिलिमीटर भरते. म्हणजे गाडीच्या पोटाखालून प्रत्यक्षात फक्त ४२ मिलिमीटर कमी होतात. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीला त्रास देत नाही. त्रास देतो तो गावाच्या तोंडाशी घातलेला अरुंद, उभा उंचवटा. तो १५० मिलिमीटर उंच आणि दोन चाकांमधील अंतरापेक्षा अरुंद असेल, तर पोटाखालचे पूर्ण १५० मिलिमीटर जातात. म्हणून आपल्या नेहमीच्या वाटेवरचे, गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे जाताना लागणारे, दोन सर्वांत वाईट गतिरोधक एकदा उतरून पट्टीने मोजून घ्यावेत, आणि गाडीखालचा सर्वांत खालचा भाग, बहुधा पुढची बीम, हीट एक्सचेंजर किंवा सायलेन्सर, सामानासह किती उंचीवर आहे ते पाहावे. आपल्या घराच्या फाटकातला उतारही विसरू नये. या गाडीत चालक पुढच्या चाकांच्या वरच बसतो, त्यामुळे नाक चाकांच्या पुढे बरेच आलेले असते आणि तीव्र चढावर ते आधी टेकते.

सामानासह हा शब्द मी मुद्दाम वापरला. कॅम्पर कधीच रिकामी नसते. कपाटे, पलंग, छताचा उघडणारा भाग, ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, घरगुती गॅसची भरलेली टाकी म्हणजे सुमारे ३० किलो, आणि माणसे. हे वजन आधी मोजा. साखर कारखान्यांच्या या मुलखात वजनकाटा शोधावा लागत नाही. प्रवासाला निघताना असते तशी गाडी भरून आधी पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग मागची चाके, अशी तीन वजने घ्यावीत. उंची त्याच स्थितीत चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी. रिकाम्या गाडीवर साधलेली सुंदर रेषा पहिल्याच सहलीत मागून बसते.

उंची कमी करण्यासाठी लहान टायर घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मूळच्या १८५ आर १४ सी मापाच्या आठ प्लाय टायरचा भारांक १०२, म्हणजे प्रत्येकी ८५० किलो. त्याऐवजी कारचा १९५/६५ आर १५, भारांक ९१, घातला तर गाडी जेमतेम ८ मिलिमीटर खाली येते आणि प्रत्येक टायरची क्षमता ६१५ किलोवर घसरते. दोन टायरांचे १२३० किलो होतात, आणि भरलेल्या कॅम्परचा मागचा भार या आकड्याजवळ सहज पोहोचतो.

एअर सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. ते नीट बसवले तर उत्तम असते, कारण रिकामी आणि भरलेली गाडी एकाच उंचीवर ठेवता येते आणि वाईट गतिरोधकावर वर उचलता येते. पण त्यात कंप्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या आणि फुगे यांची भर पडते, बीममध्ये कापाकापी करावी लागते, आणि कोकणात एक नळी फाटली तर गाडी ठोकळ्यांवर बसते. जवळ सुटे भाग मिळत नसताना कुटुंबासह फिरणाऱ्या गाडीसाठी मी ते निवडणार नाही. फुगा बसवलेले शॉकअप हा त्यातला स्वस्त प्रकार तर टाळावाच, कारण शॉकअपचे बोल्ट गाडीचे वजन पेलण्यासाठी केलेले नाहीत.

आपल्या मित्रांपैकी कोणाकडे १९६७ पूर्वीची, दुभंगलेल्या काचेची गाडी असेल, तर वरील सल्ला तिला जसाच्या तसा लावू नये. तिच्यात पुढे बॉल जॉइंटऐवजी लिंक पिन आहेत आणि मागे स्विंग ॲक्सलच्या टोकांना रिडक्शन गिअरबॉक्स आहेत. १९७९ नंतरच्या चौकोनी गाडीला तर टॉर्शन बारच नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत.

कायद्याची बाजू मी कामाइतकीच महत्त्वाची मानतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका कडकपणे मांडली. शिवाय आपल्या गाडीला पन्नास वर्षे झाली आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आपण कोणत्या नोंदणीत राहणार आहात हे आधी ठरवावे, कामाचे वर्णन लिहून परिवहन कार्यालयाचे लेखी मत घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. बोल्ट उघडून पूर्ववत करता येणारा बदल निवडण्यामागे माझे हेही एक कारण आहे. मूळ स्पिंडल ग्रीस लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवावेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, बेअरिंग, बुश आणि शॉकअप बदलून गाडी मूळ अवस्थेत आणावी आणि पाचशे किलोमीटर चालवावी. पुष्कळदा एवढ्यानेच पुढचा उंचपणा आणि मागचा बसकेपणा यांतला फरक निम्मा होतो. त्यानंतर मागची बाजू, मग पुढचे स्पिंडल, आणि शेवटी भरलेल्या गाडीवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, व टो. पुढचा कॅम्बर वरच्या बॉल जॉइंटजवळच्या एक्सेंट्रिक बुशने जुळतो, त्यामुळे अलाइनमेंटवाल्याने या गाडीला कॅम्बर होत नाही असे सांगितले तर त्याला तो बुश दाखवावा.

सर्व जुळल्यावर एक चाचणी करावी, जी मी प्रत्येक गाडीवर करतो. कुंभार गल्लीतून थोडा ओला शाडू आणावा आणि चारही बंप स्टॉपवर बोटाएवढ्या उंचीचा शंकू करून लावावा. मग भरलेली गाडी पन्हाळ्याच्या घाटातून वर नेऊन, नेहमीच्या वेगाने खाली आणावी. घरी येऊन टॉर्चने पाहावे. शंकूचे टोक थोडे चेपलेले असेल तर उठबस पुरेशी आहे. शाडू पूर्ण सपाट होऊन त्यावर रबराची नक्षी उमटली असेल, तर त्या बाजूला हात ठोकळ्यावर आदळतो आहे. मागे असे दिसले तर आत एक दात आणि बाहेर उलट एक दात फिरवून ती बाजू ६ मिलिमीटर वर घ्यावी, नवा शाडू लावावा आणि पुन्हा त्याच घाटातून जाऊन यावे.